पडद्यावरची थोरली

बडोदे,
१२ नोव्हेंबर १९९५

चि. चारू हिस,
सुनंदाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं कार्ड मिळालं. पिक्चर जोरात चालला आहे हे तू कळवलं नसतंस तरी चाललं असतं. इथे मला ते रोज कुणी ना कुणी ऐकवतं. परवा खंडेराव मार्केटात आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जयवंतराव भेटले. वीस वर्षांची ओळख, पण आजवर नुसती मान हलवून पुढे जायचे. परवा मात्र भर बाजारात मला वाकून नमस्कार केला. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी. म्हणाले, त्यांनी आणि त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी पिक्चर तीनदा पाहिला, आणि एवढा त्याग केलेली बाई आपल्याच गावात आहे हे इतके दिवस कळलं नाही याची खंत वाटते. मी अजून पिक्चर पाहिलेला नाही असं सांगितलं, तर तोही त्यांना माझा विनय वाटला.

तेव्हा आता तूच सांग, तू नेमकं काय लिहिलं आहेस? तू संवाद लिहितेस एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या ऋचाची मैत्रीण भक्ती सांगत होती की यात वडील अंथरुणाला खिळतात, थोरल्या मुलीची शिष्यवृत्ती हुकते आणि ती धाकटीला वाढवते. ऐकताना मी आपलं घर ओळखलं.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. लक्ष्मीकांतांनी नंदेसरीच्या कारखान्यातल्या मंडळींबरोबर पिक्चर पाहिला. घरी आले आणि चहा झाल्यावर आपली कपबशी स्वतः विसळून ठेवली. सतरा वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडलं. माझ्यासाठी नव्हे, पडद्यावरच्या कुणा बाईसाठी.

मी कधी पाहीन ते सांगत नाही, सहामाहीचे पेपर तपासायचे पडले आहेत. तुझं अभिनंदन करायचं राहिलं, ते करते.

बाकी क्षेम. लोभ आहे असं समजून चाल.

तुझी,
ताई


मुंबई,
२० नोव्हेंबर १९९५

ती. ताईस,
चारूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं समजलं.

हो, त्या थोरलीत थोडीशी तू आहेस. नाव, गाव, घर सगळं बदललं आहे. ती लखनौची आहे आणि तिला शिष्यवृत्ती विलायतेची मिळते, कारण पुण्याची म्हटली तर दिग्दर्शकाला ती फारच जवळ वाटली. दिवाळीत येऊन तुला समक्ष सांगायचं ठरवलं होतं. तिकीटही काढलं होतं. मग धीर झाला नाही.

असले पिक्चर तुला आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. तुझ्या फिल्म सोसायटीत तू मला रविवारी सकाळी नेऊन बसवायचीस आणि मी दहाव्या मिनिटाला तुझ्या खांद्यावर झोपायची. घरी येताना तू मला सिनेमाचा अर्थ सांगायचीस आणि मी रस्त्यावरची पोस्टरं बघत चालायची. तुझी मेहनत वाया गेली नाही, एवढं म्हणू दे. वाक्य छोटं ठेवावं हे मी तुझ्याकडूनच शिकले.

सोबत दोन पास आहेत. ऋचाला घेऊन जा. कसा वाटला ते मला तूच सांग, भाऊजींकडून निरोप नको. अंधेरीच्या या खोलीत दिवसभर फोन वाजतो, सगळे छान छान म्हणतात, आणि मी मात्र पोस्टमनची वाट बघते.

भाऊजींना नमस्कार, ऋचाला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चारू


बडोदे,
३ डिसेंबर १९९५

चि. चारू हिस, आशीर्वाद.

पाहिला. आवडला नाही.

दुपारचा खेळ होता, एकही खुर्ची रिकामी नव्हती. माझ्या एका बाजूला ऋचा आणि भक्ती, दुसऱ्या बाजूला छाणीहून आलेल्या तीन बायका. त्या बायका दुसऱ्यांदा आल्या होत्या आणि कुठे रडायचं ते एकमेकींना आधीच सांगत होत्या. ती थोरली शिष्यवृत्तीचं पत्र फाडते, देवापुढे दिवा लावते आणि हसते, तिथे सगळं थिएटर हुंदके देत होतं. मी घड्याळ पाहत होते. मला वाटलं, एवढ्या माणसांत मीच एकटी दगडाची आहे की काय.

तुझी थोरली वडिलांना एका हाताने उठवून बसवते. तिच्या साडीची घडीसुद्धा मोडत नाही. अर्धं अंग गेलेल्या माणसाला उचलायला आपण दोघी कमी पडायचो, चारू. शेजारच्या नारायणकाकांना हाक मारावी लागायची. ज्याने ते वजन कधी उचललं नाही त्याने असं लिहिलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. तू उचललं आहेस.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. ती बाई रागावत नाही. तीन तासांत एकदाही नाही. बाबा अंथरुणावर होते त्या चार वर्षांत माझ्याकडे स्वतःचं असं दुसरं काय होतं? पुणं गेलं, माझ्या बरोबरीच्या मुली पीएच.डी. झाल्या, मी शाळेत हजेरी घेत राहिले. राग तेवढा माझा होता. तो तू काढून घेतलास आणि जे उरलं त्यावर लोक टाळ्या वाजवतात.

आणि ती धाकटी! वडील पडतात तेव्हा ती शाळेत बक्षीस घेत असते. हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा थांबला नाही का?

शाळेत कुणापाशी बोलायची सोय नाही. आवडला नाही म्हटलं की सगळ्याजणी हसतात आणि म्हणतात, ताई लाजताहेत. घरी तर त्याहून वाईट. परवा ऋचाने ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून मी तिच्यावर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, पिक्चरमधली दीदी असती तर तिने हसून उचलला असता. सोळा वर्षांची पोर. तिचं काय चुकलं? पण मला त्या बाईचा असा मत्सर वाटला म्हणून सांगू. माझा नवरा, माझी मुलगी, माझं गाव, सगळे तिच्यावर प्रेम करतात, आणि तिने आयुष्यात कुणाचं कधी एक अंथरूणसुद्धा बदललेलं नाही.

तुझाही वाटतो, हेही लिहून टाकते. भाषा मी शिकवली, पुस्तकं मी आणून दिली, आणि नाव तुझं झालं. आता हे पत्र फाडू नकोस. तुझ्या पिक्चरमध्ये पत्रं फार फाडतात.

तब्येत सांभाळ. जे मनात आलं ते लिहिलं, मन मोठं करून वाच.

ताई


मुंबई,
१५ डिसेंबर १९९५

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

माझा हात थांबला होता. तुला ते सगळं सांगते. एकवीस वर्षांत आपण दोघींनी त्या दुपारचा विषय काढलेला नाही, तर आज मीच काढते.

ऑगस्टची चौदा तारीख होती, चौऱ्याहत्तर साल. तुला सोळाला पुण्याला निघायचं होतं. बाबांना दोन दिवस चक्कर येत होती. तू ट्रंकेसाठी कुलूप आणायला मांडवीत गेलीस आणि जाताना मला बजावलंस की बाबांजवळून हलू नकोस. बाबांना झोप लागली असं पाहून मी तीनच्या खेळाला गेले. पिक्चरचा त्या थिएटरातला शेवटचा दिवस होता. तू पाच वाजता आलीस तेव्हा बाबा मोरीच्या उंबऱ्यावर पडलेले होते. किती वेळ पडले होते ते कुणालाच कळलं नाही. दोन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर तुला म्हणाले, ते मी नंतर दाराआडून ऐकलं. मी घरी आले तेव्हा तू मला जिन्यातच थोबाडीत मारलीस. मग संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस.

पहिल्या खर्ड्यात मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. दिग्दर्शकाने वाचून सांगितलं की या दोघींपैकी एकीवरही कुणी प्रेम करणार नाही. मला वाद घालता आला असता. पण खरं सांगते, त्याने बदल म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. मी धाकटीला शाळेत नेऊन बसवलं आणि तुझ्या चेहऱ्यावर हसू आणलं. शेवटच्या प्रसंगात थोरली धाकटीला जवळ घेते ना, तेवढा भाग पाहायला मी सात वेळा थिएटरात जाऊन बसले. तिकीट काढून, मागच्या रांगेत. इतर लोक कशाला रडतात ते मला माहीत नाही. मी कशाला रडत होते ते तुला सांगितलं.

मंडळाचं निमंत्रण आलं आहे, २१ जानेवारीला सत्कार आहे म्हणून. त्याच सुमारास उटीला चित्रण आहे, पण ते सोडून मी येऊ शकते. तू ये म्हणालीस तर येईन.

तुझ्या रागासकट तुझीच,
चारू


बडोदे,
२८ डिसेंबर १९९५

चि. चारू हिस, आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तर जमत नाही, म्हणून कार्ड टाकते आहे. सत्काराला तू येऊ नकोस. तुझ्याशेजारी व्यासपीठावर बसून मला हसता येणार नाही. जयवंतराव म्हणतात, तू नसलीस तर तुझ्या वतीने शाल मीच घ्यायची. नाही म्हणून पाहिलं. ऐकत नाहीत.

उटीला थंडी असेल, स्वेटर ने.

ताई


बडोदे,
२३ जानेवारी १९९६

प्रिय चारूमावशी,
सा. न.

आई तुला काही लिहिणार नाही म्हणून मी लिहिते आहे. तिला सांगू नकोस हं. माझं मराठी शुद्धलेखन तुला माहीतच आहे, चलावून घे.

रविवारी हॉल एकदम फुल होता. बाबा, मी आणि भक्ती दुसऱ्या रांगेत होतो. जयवंतकाकांनी तुझ्याबद्दल खूप छान भाषण केलं. मग विजयमालाकाकूंनी आईची ओटी भरली आणि तुझ्या नावाची शाल आईच्या खांद्यावर घातली. ते झाल्यावर काकांनी आईला दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबांनी माझा हात पकडला. त्यांना काहीतरी कळलं होतं बहुतेक.

आई म्हणाली, शाल चारुलताची आहे, ती तिला पाठवीन. पण तुम्ही मला रस्त्यात नमस्कार करता ते बंद करा, कारण मला हा पिक्चर आवडलेला नाही आणि ती थोरली मी नाही. मी हसले नव्हते. मी चार वर्षं चिडलेली होते. बहिणीला मारलं, तिच्याशी पाच महिने बोलले नाही. मग पाणी प्यायली. आणि म्हणाली की एकदा वडिलांना भात भरवताना ती त्यांना म्हणाली होती, तुम्ही मुद्दाम पडलात, मला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून पडलात. आजोबांची वाचा गेलेली होती ना, ते नुसते बघत राहिले. मावशी, हे तुला माहीत होतं का? बाबांनाही माहीत नव्हतं.

मग मागून एका आजीने विचारलं, तेव्हा धाकटी कुठे होती? आई म्हणाली, ती सोळा वर्षांची होती. बस्, एवढंच. आणि खाली बसली.

आणि मग काय झालं सांगू? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विजयमालाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, केवढा हा मोठेपणा, स्वतःला किती कमी लेखतात. आई इतकी चिडली की रिक्षासुद्धा करू दिली नाही. शाल काखेत मारून ताडताड चालत सुटली. बाबा मागे राहिले, मी पळत तिच्याबरोबर. सूरसागर तळ्यापाशी ती दमून कठड्यावर बसली. मी विचारलं, पुण्याला तू काय शिकणार होतीस? तिने निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर मोडीत माझं नाव लिहून दाखवलं. एकदम झरझर, पेन न उचलता. जुनी सरकारी दफ्तरं वाचायची होती म्हणाली. मला माहीतच नव्हतं तिला असं काही येतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

एक सांगू? मला तुझा पिक्चर अजूनही खूप आवडतो. पण आता मी टॉवेल उचलते. ती दीदी हसते म्हणून नाही, आई ओरडते म्हणून.

पत्र लिही. माझ्यावरचं प्रेम कमी करू नकोस.

तुझी लाडकी,
ऋचा


मुंबई,
१० फेब्रुवारी १९९६

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

शाल मिळाली. तिच्या घडीत चिठ्ठी असेल म्हणून झटकून पाहिली, नव्हती.

त्या संध्याकाळचं मला कुणाकडून तरी कळलं, कुणाकडून ते विचारू नकोस. मी त्या दुपारी कुठे होते ते तू सांगितलं नाहीस, तेही कळलं. त्यानंतर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही आणि मग आठ दिवस दुसरं काहीच केलं नाही. एका नव्या चॅनेलला दीड तासाची गोष्ट हवी होती. सोबतचे कागद म्हणजे ती गोष्ट. यात थोरली मारते. धाकटी तीनच्या खेळाला गेलेली असते. कुणी गाणं म्हणत नाही. चॅनेलच्या बाईंनी वाचून सांगितलं की बायकांना या दोघी आवडणार नाहीत, तरी करू, दुपारी दाखवू, तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. मागच्या वेळी तुला न विचारता लिहिलं. या वेळी आधी तू वाच. नको म्हणालीस तर कागद तुझ्याकडेच राहू देत, मी दुसरी प्रत ठेवलेली नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
चारू


बडोदे,
२ मार्च १९९६

चि. चारू हिस, अनेक आशीर्वाद.

वाचलं. लाल पेन्सिल घेऊनच बसले होते, सवय जात नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आहेत. त्याशिवाय दोन ठिकाणी फरक केले आहेत, ते नीट पाहा.

पहिला म्हणजे बाबांना भात भरवतानाचा. मी तेव्हा काय बोलले ते तुला आता ठाऊक आहे, आणि कुणी सांगितलं तेही मला ठाऊक आहे. ऋचाचं शुद्धलेखन सुधारायला हवं. ते वाक्य त्यात घाल. त्यानंतर मी काय केलं हेही घाल. काही केलं नाही. दुसरा घास भरवला.

दुसरा फरक जिन्यातला. तू एक थोबाडीत लिहिली आहेस. मी दोन मारल्या होत्या. पहिली बाबांसाठी होती, ती तुला पटली असावी. दुसरी कशासाठी होती ते तुला कधी कळलं नसेल, म्हणून लिहिते. तू जिना चढत आलीस तेव्हा गुणगुणत होतीस. घरात काय झालं आहे ते तुला अजून कळलेलं नव्हतं. तुझा चेहरा असा फुललेला होता, की जणू कुणी तुला सगळं जग देऊन टाकलं आहे. मी तुझ्या वयाची असताना किंवा नंतरही कुठल्याच पिक्चरमधून तसा चेहरा घेऊन बाहेर आले नाही. माझ्या सोसायटीतल्या चांगल्या सिनेमांतूनसुद्धा नाही. मी विचार घेऊन यायची, डोकं घेऊन यायची. ती दुसरी थोबाडीत त्या चेहऱ्याला होती.

त्या दुपारमुळे मला असले पिक्चर आवडत नाहीत, असं तुला इतकी वर्षं वाटत असेल. तसं नाही. मला ते आधीही आवडत नव्हते आणि आताही आवडत नाहीत. तुझा तर मुळीच नाही. पण ज्यांना आवडतात त्यांचा मला हेवा वाटतो. छाणीच्या त्या तिघीजणी डोळे पुसून, शेंगदाणे खात, हसत बाहेर पडल्या. मी त्यांच्यामागून चालत होते आणि मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं.

कागद परत पाठवते आहे. चॅनेलच्या बाईंना हो म्हणून कळव. त्यांचं बरोबर आहे, ही गोष्ट कुणाला आवडणार नाही. जयवंतराव मला नमस्कार करायचे थांबतील आणि विजयमालाबाई ओटी परत मागतील. आमच्याकडे केबल नाही, मीच घेऊ देत नव्हते. आज माणूस येऊन तार ओढून गेला. दिवस ठरला की कळव, मी शाळेतून रजा काढीन.

लोभ आहे. हेवाही आहे. दोन्ही राहू देत.

तुझी,
ताई